बांधीच्या कोपऱ्यातला करगा

रचनानं ते विचारलं तेव्हा तिचे वडील, गुलाबराव रामटेके, ओसरीत बसून पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना मलम लावत होते. गोंदियाजवळच्या कामठ्यात धानाची रोवणी उरकून पंधरा दिवस झाले होते आणि बांध्यांतल्या, म्हणजे धानाच्या खाचरांतल्या, निंदणाला दोन दिवसांत लागायचं होतं.

"बाबा, खालच्या बांधीचा बोडीकडचा कोपरा यंदा निंदू नका."

"काऊन?"

"मले तण पाहिजे. चित्रासाठी."

गुलाबरावांनी मलमाची डबी बंद केली. "तणाचं चित्र? कायले?"

रचनाला हे नीट सांगता आलं नाही. ती छत्तीस वर्षांची होती. नागपूरला चित्रकलेचं शिक्षण झालं, मग आठ वर्षं गोंदियाच्या एका खाजगी शाळेत ती चित्रकला शिकवत होती. मार्चमध्ये शाळेनं चित्रकलेचा तासच बंद केला आणि ती दोन पेट्या घेऊन घरी आली. उन्हाळी धानाच्या वेळी आई, सुमनबाई, बांधीतून उपटलेलं तण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकायची. उन्हात ते तासाभरात मान टाकायचं. त्याआधी रचना एखादं रोप उचलून घरी आणायची, ओल्या मुळांसकट कागदावर ठेवायची आणि टाकानं, शाईनं काढायची. मोथा, सावा, केना, माका. ही तिची रिकामपणाची सवय होती. त्यातली चार-पाच तिनं फोनवरून मैत्रिणींना पाठवली, आणि ती फिरत फिरत प्रफुलपर्यंत पोचली.

प्रफुल नागपूरला प्रदर्शनं भरवायचा. आजचे चित्रकार झाडाझुडपांकडे कसं बघतात, यावर तो सात जणांचं प्रदर्शन करत होता. त्यानं फोन केला. "इकडे सगळे जंगल काढतात. पळस काढतात, मोहफुलं काढतात, मागे वाघ बसवतात. तुझं हे कोणी काढत नाही. मला बारा मोठी चित्रं दे. कोंब फुटण्यापासून बी पडेपर्यंत, मुळांसकट."

अडचण एवढीच होती की कामठ्यात तण बी पडेपर्यंत जगत नाही. पहिल्या निंदणात उपटतात, नाहीतर फवारणीत जळतं.

गुलाबराव चौसष्ट वर्षांचे होते. दहाव्या वर्षापासून त्यांनी वाकून तण उपटलं होतं. आता गुडघे वाकले की सरळ व्हायला वेळ घेत. ते म्हणाले, "त्या कोपऱ्यात करगा निंगते. तुले माहीत हाय?"

"तोच पाहिजे, बाबा."

करगा म्हणजे रानटी धान. पेरलेल्या धानासारखाच दिसतो, तेवढाच वाढतो, लोंब बाहेर येईपर्यंत भल्याभल्यांना ओळखू येत नाही. फरक कळतो तो शेवटी, त्याच्या लांब कुसळांवरून. आणि धान पिकायच्या आधीच त्याचं बी झडून चिखलात पडतं, तिथं दोन-तीन वर्षं निवांत पडून राहतं.

"खाली शेजारच्या पटलेचं, कंपनीच्या बियाण्याचं पलाट हाय," गुलाबराव म्हणाले. "आपल्या बांधीचं पाणी तिकडंच उतरते. त्याच्या पलाटात करग्याची एक काडी सापडली तर बियाणं तपासणारा साहेब पास करत नाई."

"मी त्याचं बी पडू देणार नाई. लोंबात दूध भरलं की उपटीन."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

गुलाबराव उठले. भिंतीला हात टेकून उठले. "पाह्य बरं. तुह्या भरोशावर सोडतो," एवढं बोलून ते आत गेले. खरं तर त्यांना वाद घालायचा कंटाळा आला होता. पुढे एकदा त्यांनीच तसं सांगितलं.

भादव्यात रचना रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन बसायची. मांडीवर फळी, खांद्याशी छत्री, शाईची बाटली चिखलात रोवलेली. बाहेरून बघणाऱ्याला हे बसून करायचं काम वाटलं असतं, पण वारा आला की पान हलायचं, ऊन सरकलं की सावली बदलायची, आणि मुळं धुऊन बघायची तर रोप मरायचं, म्हणून एका चित्रासाठी पाच-सहा रोपं लागायची. मान धरायची. डासांनी हात फुगायचे. तीन कागद वाया गेले की एक बरा उतरायचा.

बाजूच्या बांध्यांत निंदणाच्या बाया असायच्या. त्यांची म्होरकी सुशिलाबाई. साडीचा काष्टा मारून, कमरेत वाकलेली, ती न थांबता पुढे सरकायची आणि मान वर न करता बोलायची.

"आमी उपटून राहिलो अन् तू पाहून राहिली."

"चित्र काढून राहिली, मावशी."

"तेच म्हणतो. कोणी पाहाले येईल का हे?"

"नागपूरले लोक येतील म्हणतात."

"नागपूरच्या लोकायले सांग, इथं या. रोज दाखवतो. हातबी लावू देतो." बाकीच्या बाया हसल्या. रचनालाही हसू आलं. मग सगळ्या पुन्हा खाली बघायला लागल्या.

दसऱ्यापर्यंत अकरा चित्रं झाली. बारावं राहिलं होतं ते करग्याचं, बी पडतानाचं.

करग्याच्या लोंबात दूध भरलं त्या दिवशी गुलाबराव बांधीवर येऊन गेले. दाणा नखानं दाबून त्यांनी पांढरा थेंब बघितला. "आता उपट."

"उद्या उपटते, बाबा. आज एवढं होऊ द्या."

संध्याकाळी तिनं प्रफुलला दूध भरल्याचं चित्र पाठवलं. त्याचा लगेच फोन आला. "छान आहे. पण हे पडण्याआधीचं झालं. पडतानाचं पाहिजे ना? सगळी गोष्ट तिथेच आहे." पुढे रचनानं स्वतःशी हे सगळं उकरून बघितलं तेव्हा प्रफुलवर ढकलता येईल असं त्यात फार काही निघालं नाही. तिलाच ते हवं होतं. अकरा चित्रं काढून बारावं सोडायचं, हे तिच्यानं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या ओढण्या फाडून त्यांच्या पिशव्या शिवल्या आणि करग्याच्या लोंबांना बांधल्या, म्हणजे बी त्यातच पडेल. पण पिशवीतल्या लोंबाचं चित्र काढायचं कसं? म्हणून पाच लोंबं मोकळी ठेवली. पाचच. बाबांना सांगितलं, अजून चार दिवस.

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस दोन दिवस, दोन रात्री वाऱ्यासकट पडला. रचना घरातच होती. जावं असं तिला अनेकदा वाटलं, आणि प्रत्येक वेळी तिनं पाऊस थांबायची वाट बघितली.

उघडल्यावर ती गेली. मोकळी पाच लोंबं रिकामी झाली होती. पिशव्या भिजून, फाटून, काही चिखलात लोळत होत्या. बोडीचं, त्या लहान तळ्याचं, पाणी बांधीत चढलं होतं आणि धुऱ्यावरून खाली, दुर्गाप्रसाद पटलेंच्या प्लॉटमध्ये, सपाट पसरून वाहत होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी चिखलातून बी वेचायला लागली. दोन तास वेचलं. मूठ भरली नाही.

मग तिनं हात धुतले, फळी घेतली आणि रिकाम्या लोंबाचं चित्र काढलं. दिवसभर काढलं. दाणे गळून उरलेले बारीक देठ, दोन-चार अडकलेली कुसळं, खाली चिखलात पडलेलं बी. हात एकदाही अडखळला नाही. इतक्या महिन्यांत एवढं बरोबर काही उतरलं नव्हतं, हे तिला काढतानाच कळत होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती. ऊन कलल्यावर तिनं कोपऱ्यातलं सगळं तण मुळासकट उपटलं आणि घरी आली.

"उपटलं," तिनं सांगितलं.

"बरं," गुलाबराव म्हणाले.

जानेवारीत नागपूरला प्रदर्शन भरलं. पांढऱ्या भिंती, प्रत्येक चित्रावर वेगळा दिवा. एका कलावंतानं वाळक्या पानांचा पडदा केला होता, एकानं झाडाच्या सालीचे ठसे कापडावर घेतले होते. रचनाची बारा चित्रं एका ओळीत होती. माणसं जवळ जाऊन मुळं बघत होती. एका बाईंनी रचनाचा हात हातात घेतला. "आपण ज्याला तण म्हणतो त्यात केवढं सौंदर्य असतं, नाही?" रचना हो म्हणाली. ती सकाळपासून उभी होती.

आई-बाबा दुपारच्या गाडीनं आले. सुमनबाईंनी विहारात जायची पांढरी साडी नेसली होती. त्यांनी केन्याच्या चित्रासमोर उभं राहून, "हा तर अस्सल केना हाय," असं मोठ्यानं म्हटलं आणि आजूबाजूचे लोक कौतुकानं हसले. गुलाबराव हात मागे बांधून पहिल्या चित्रापासून निघाले. एकेक रोप बघत, पिकाची पाहणी करत जावं तसे. बाराव्यापाशी थांबले.

प्रफुल त्यांच्याजवळ गेला. "कसं वाटलं, काका?"

"बरोबर काढलं हाय," गुलाबराव म्हणाले. "बी पडल्यावरचं."

"तेच तर! हे सगळ्यांत ताकदीचं आहे."

गुलाबरावांनी मान डोलावली. चित्राकडे ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. रचना दोन हात अंतरावर उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

परतीच्या गाडीत तिघांना खिडकीशी जागा मिळाली. गाडी नागपूरबाहेर पडेपर्यंत सुमनबाईंचा डोळा लागला. भंडारा रोड गेलं. तुमसर रोडला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हा गुलाबराव म्हणाले, "कोणत्या दिवशी पडलं?"

"पाऊस आला तेव्हा."

"किती?"

"माहीत नाई. मी वेचलं थोडं."

"मले वाटलंच होतं. तू 'उपटलं' म्हणाली तवा तुह्या नखांत चिखल होता. तण उपटलं म्हणजे तो राहतेच, त्याचं काई नाई. पण त्या दिवशी तू माह्याकडे पाहून बोलली नाई."

"बाबा, मी—"

"जाऊ दे. पडलं ते पडलं." त्यांनी डोळे मिटले. "थकलो आज. फार उभं राहा लागते तिथं."

पुढच्या पावसाळ्यात, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुर्गाप्रसाद पटले रामटेकेंच्या अंगणात आले. पन्नाशीचा, उंच, सरळ बोलणारा माणूस. बियाण्याच्या कंपनीसाठी ते सहा वर्षं प्लॉट करत होते. गोंदियात ये-जा असल्यामुळे बोलण्यात हिंदी यायचं.

"गुलाबभाऊ, प्लॉट में करगा निकला है. पहिल्यानं आलेली दोन-तीन लोंबं दिसली. ओळीच्या बाहेर उगवलेलंबी दिसून राहिलं. सहा साल में एक काडी नहीं थी."

गुलाबरावांनी त्यांना खाट सरकवली. "बोडीचं पाणी हाय, भाऊ. वरून कुठूनबी येते."

रचना दारात उभी होती. बाबांना खोटं बोलताना तिनं याआधी ऐकलं नव्हतं. तिनं उंबरा ओलांडला.

"काका, माझ्या कोपऱ्यातून आला. मागच्या साली मी राखला होता. बी पडलं अन् पाण्यानं खाली गेलं."

दुर्गाप्रसाद तिच्याकडे वळले. "राखला? करगा?"

"चित्रासाठी."

"चित्रासाठी." त्यांनी हा शब्द दोनदा उच्चारला. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "बेटा, साहब बारा दिन में आता है. लोंब निघाल्यावर येते तो. अन् लोंब निघाल्याशिवाय करगा आमाले ओळखू येत नाई. आता सांग, मी काय करू?"

"मले ओळखू येते."

"लोंबाच्या आधी?"

"हो. मी मागचा हंगामभर तेच पाहिलं."

दुर्गाप्रसादांचा विश्वास बसला नव्हता, पण त्यांच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी रचना त्यांच्या प्लॉटमध्ये उतरली. निंदणाला सुशिलाबाई आणि तिच्या चार बाया होत्या. रचनानं त्यांना दाखवलं. बुडाशी खोड चिखलातून वर येतं तिथं करग्याला हलकी जांभळट झाक असते, आणि पानावरून उलटं बोट फिरवलं तर तो धानापेक्षा खरखरीत लागतो. सुशिलाबाईनं बोट फिरवलं. मग दुसऱ्या रोपावर फिरवलं.

"मले तर सारखंच लागते."

"पुन्हा लाव, मावशी."

"जलमभर लावून राहिलो, बाई." तरी तिनं लावलं. चौथ्या-पाचव्या रोपाला म्हणाली, "हां. हा जरा रागीट हाय."

अकरा दिवस त्या ओळीनं ओळ सरकत गेल्या. पोटऱ्यांपर्यंत पाणी, खाली मऊ, खोल चिखल. प्रत्येक बुडाशी वाकायचं, दोन बोटांनी पानं बाजूला करायची, बघायचं, पुढे जायचं. पहिल्या दिवशी रचनाची कंबर दुखली, तिसऱ्या दिवशी ती कंबर तिची राहिली नाही. बोटांमध्ये चिखल्या झाल्या. पाचव्या दिवशी तिनं उपटून धुऱ्यावर ठेवलेल्या एका रोपाच्या ताटाचं फुगलेलं पोट सुशिलाबाईनं चिरलं. आतलं कोवळं लोंब बिनकुसळाचं निघालं. तो धान होता.

"चुकली," सुशिलाबाई म्हणाली.

"चुकली."

"होते. उपट पुढं."

त्या दिवसापासून ती आणखी हळू बघायला लागली. कागदासमोर बसून जे महिन्याभरात बघितलं ते इथं दर पावलाला बघायचं होतं, आणि इथं चुकलं तर कागद बदलता येत नव्हता. दुर्गाप्रसाद रोज धुऱ्यावर येऊन उभे राहायचे. पहिले काही दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. सातव्या दिवशी चहाची किटली घेऊन आले आणि बायांसोबत तिलाही कप दिला.

बाराव्या दिवशी साहेब आला. प्लॉटमधून आडवा-उभा फिरला. धुऱ्यालगतच्या पट्ट्यात त्याला करगा सापडला, त्यांच्या नजरेतून सुटलेला, नुकतंच लोंब काढलेला. तो सगळा पट्टा त्यानं नापास केला. बाकीचा प्लॉट पास झाला.

गाडी गेल्यावर दुर्गाप्रसाद रचनाजवळ आले. "पूरा जाता था. पट्टाच गेला."

"मी तो पट्टा दोनदा पाहिला होता, काका."

"पाहिला असशीन." त्यांनी पट्ट्याकडे बघितलं. "चिखलात अजून पडून हाय ते. पुढच्या सालीबी निंगन. येजो."

"येईन."

"उसके अगले साल भी."

"येईन, काका."

त्यांनी मान हलवली आणि ते निघून गेले. त्यात माफी होती की नाही, हे रचनाला कळलं नाही. विचारायची ताकदही नव्हती.

त्याच आठवड्यात प्रफुलचा फोन आला. भोपाळला मोठं प्रदर्शन होतं, तिची बारा चित्रं हवी होती आणि नवीन सहा. तिनं काय काय काढलं सध्या?

"काहीच नाही," रचना म्हणाली.

"का? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. हात सुजलेत. आधीची बारा घेऊन जा. नवीन या साली होणार नाहीत."

तो काहीतरी समजावत राहिला. शेतात राबतानाचा हा अनुभवच चित्रात आला पाहिजे, असं काहीसं. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिला झोप येत होती. शेवटी तिनं उद्या बोलू म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक त्यांच्या स्वतःच्या खालच्या बांधीत उतरले. बारा दिवस तिकडे गेल्यामुळे इकडचं सगळं राहिलं होतं. सुमनबाईंना ताप होता, त्या घरी होत्या. गुलाबराव एका धुऱ्याकडून निघाले, रचना दुसऱ्या. मधल्या ओळींत दोघं जवळ आले तेव्हा गुलाबरावांनी एक ताट मुठीत धरलं आणि उपटायच्या आधी थांबले.

"हा कोणता?"

रचनानं वाकून बुडाशी बघितलं. पानावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं, कारण बोटं सुजली होती आणि त्यांना नीट लागत नव्हतं.

"धान."

गुलाबरावांनी ताट सोडलं. गुडघ्यावर हात टेकून ते पुढच्या ताटाकडे सरकले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा वाकून बघितलं. तो करगा होता. त्यांनी उपटला, मुळं पाण्यात खळबळून धुतली आणि धुऱ्यावर दूर, कोरड्या जागी फेकला.

दुपारपर्यंत अर्धी बांधी झाली. उरलेली उद्यावर टाकून दोघं घराकडे निघाले.